बब्रुवानतात्यांनी सांधलेलं सोंग

बब्रुवानतात्यांबद्दल लिहायचं तर आधी पाथरवाडीची सोंगं म्हणजे काय ते सांगावं लागेल. नाहीतर त्यांनी केलं ते काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. तेव्हा ते आधी उरकतो.

पाथरवाडी हे भूम तालुक्यातलं लहानसं गाव, ईटपासून दोन कोसांवर. मी मूळचा बार्शीकडचा. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सहकार खात्याच्या वाटेने नोकरीला लागलो, आणि दोन-तीन गावं करून या गावच्या सोसायटीचा सचिव म्हणून आलो तो इथलाच झालो. आता निवृत्ती जवळ आली आहे. हिशोब सोडून दुसरं काही लिहायची सवय नाही, पण या माणसाबद्दल कुणीतरी नीट लिहून ठेवलं पाहिजे असं वाटत आलं आहे.

होळी पेटली की दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर सोंगं बसतात. राजा, दिवाण, कोतवाल, वैद्य, सावकार, भांडखोर सवतींची जोडी, एक म्हातारी, अशी दहा-बारा. ती रंगपंचमीपर्यंत चालतात. पडदा नाही, पेटी-तबला नाही, पाठ केलेलं बोलणं नाही. सोंगं दिवसभर गावात, मळ्यात, वाटेवर हिंडतात आणि जो भेटेल त्याच्याशी आपल्या सोंगाच्या परीने वागतात. कोतवाल बैलगाडी अडवून जकात मागतो, गाडीवान त्याच्या हातावर वाळकी गोवरी ठेवतो आणि कोतवाल ती वाजवून घेतो. वैद्य म्हशीची नाडी बघून तिला रताळं वर्ज्य करतो. सगळं गावच त्यात असतं. बघणारा आणि करणारा असा फरक पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच राहतो.

याचे नियम तीन. होळीची राख कपाळाला लागली की माणसाचं नाव गेलं, पाच दिवस त्याला सोंगाच्याच नावाने हाक मारायची. बायका तशाही नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्यामुळे घरात अडचण येत नसे. दुसरा नियम असा, की एका सोंगाने दुसऱ्या सोंगाचं बोलणं खोटं पाडायचं नाही. समोरचा म्हणाला पाऊस पडतोय, तर आपण डोक्यावर घोंगडं घ्यायचं. आणि तिसरा, कुणी सोंगाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली तर सोंग मोडलं. मग ज्या दिवशी मोडलं त्या दिवशी सगळ्यांनी विहिरीवर जाऊन राख धुवायची आणि त्या वर्षाचं सगळं तिथंच संपलं. असं एकदाच झालं होतं म्हणतात, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आधी. बाहेरगावहून आलेल्या एका सासऱ्याने जावयाला सावकाराच्या वेशात ओळखलं आणि लांबूनच नावाने हाक मारली. तो सासरा पुन्हा गावात आला नाही.

सोंगं बसवण्याचं काम बब्रुवानतात्यांचं. बब्रुवान शेंडगे, धनगर, घोंगड्या विणायचे आणि फाटलेल्या सांधून द्यायचे. अंगाने किडकिडीत, आवाज बारीक, चालताना मान थोडी डावीकडे. कुणाला कोणतं सोंग द्यायचं हे ते होळीच्या आदल्या दिवशी सांगायचे, पण ठरवत वर्षभर असले पाहिजेत. बांधावरून कोर्टात गेलेले दोघे भाऊ त्यांनी एका वर्षी सवती म्हणून बसवले. पाच दिवस ते दोघे नसलेल्या नवऱ्यासाठी भांडले, चुलीसाठी भांडले, लुगड्यासाठी भांडले आणि रंगपंचमीला राख धुताना एकमेकांच्या अंगावर पाणी टाकत हसत होते. कोर्टातला दावा पुढेही चालला, हे खरं. पण बोलणं सुरू झालं. तात्यांना कुणी याबद्दल विचारलं तर ते म्हणायचे, दोघांचे आवाज चांगले होते म्हणून बसवले.

स्वतः ते नेहमी म्हातारी व्हायचे. ते सोंग कुणी मागत नसे. राजाला गादी असते, कोतवालाला काठी, म्हातारीला ठिगळाचं लुगडं. ते त्यांच्या पत्नी मथुराबाईंचंच असायचं. दारोदार जाऊन चुलीसाठी इस्तू मागायचा, सुनेच्या कागाळ्या सांगायच्या आणि कोपऱ्यात बसायचं. पण कुठलं सोंग अडलं, कुणाला पुढे काय बोलावं सुचेना झालं, की कोपऱ्यातून म्हातारी काहीतरी पुटपुटायची आणि गाडी पुढे निघायची.

बहात्तरच्या दुष्काळात गाव खडी फोडायला गेलं. त्र्याहत्तरची होळी कामावरच आली. त्या वर्षी कुणी सोंगाचं नाव काढलं नाही. दुपारच्या सुट्टीत खायला सुकडी वाटून झाली आणि तात्या डोक्यावर पदर घेऊन रांगेच्या शेवटी आले. मुकादमाला म्हणाले, लेकरा, मला दात न्हाईत, माझी खडी जरा मऊ बघून दे. मुकादम बाहेरचा होता, त्याला काही कळेना. बायका मात्र हातोडे खाली ठेवून हसायला लागल्या. तेवढंच सोंग त्या वर्षी झालं.

ते बघायला दोन परदेशी माणसं उभी होती. एका परदेशी संस्थेची बोअर मारायची गाडी तालुक्यात आली होती, तिच्याबरोबर ती आली होती. विलेम हा हॉलंडचा, सहा फुटांच्या वर उंच, बोअरचं काम जाणणारा. गाव त्याला विलमसाहेब म्हणे. मार्टा जर्मनीची, लेकरांची वजनं घ्यायची, दवापाणी करायची. दोघांनी पुण्यात काही महिने मराठी शिकून घेतली होती. ते बोलत त्यात चुका असत, पण बोलायला लाजत नसत. ती दोघं पुढे आमच्याच गावात शाळेमागच्या खोल्यांत राहिली, आणि पुढच्या शिमग्याला विलेमने तात्यांना विचारलं, आम्हाला पण सोंग द्याल का.

त्याच्या देशात त्याची एक मंडळी होती म्हणे. सुट्टीच्या दिवशी पंचवीस-तीस जण जुन्या काळच्या शिपायांचे कपडे घालून रानात जायचे, दोन दिवस तसेच राहायचे, लाकडी तलवारींनी लढायचे. कोण जिंकलं ते सांगायला पंच असायचा. हे त्याने फार आनंदाने सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जिंकल्यावर काय करता. विलेम म्हणाला, जेवतो. तात्या म्हणाले, आमी आधीच जेवतो. आणि दोघांनाही राख लावली.

पहिलं वर्ष बरं गेलं. विलेम शिपाई झाला, मार्टा वैद्याच्या मागे पिशवी घेऊन हिंडली. बाईमाणसाला सोंग दिलं म्हणून थोडी कुजबूज झाली, पण पाहुणी आहे म्हणून चाललं. मथुराबाईंनी तात्यांना टोमणा मारला तेवढाच. म्हणाल्या, माझं लुगडं वीस वर्षं सोंगात हिंडतंय, मला कुणी पाहुणी म्हणंना.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे पंच्याहत्तर साली, कुरबूर सुरू झाली. विलेमने होळीच्या आधीच पत्र्याचा टोप बनवून आणला. दाढ्या आणल्या, लाल कापडाचे डगले शिवून घेतले. हे सगळं त्याने मनापासून केलं आणि सगळ्यांना वाटलं. होळीला काही दिवस उरले असतानाच तो रोज सकाळी पारावर सगळ्यांना गोळा करून कोणत्या दिवशी काय करायचं हे ठरवू लागला. मला शिस्तीची आवड असल्याने ते बरं वाटत असे, हे कबूल करतो. पण गावची सोंगं ठरवून चालणारी नव्हती. पुढे सोंगं बसली तेव्हा मार्टा कोतवाल झाली, ओठावर मिशी आणि हातात लाकडी तलवार. त्यांच्याकडचा नियम असा, की तलवार लागली की माणूस मेला आणि संध्याकाळपर्यंत त्याने पडून राहायचं. तिने वैद्याला त्याच्याच गोठ्यापाशी तलवार लावली. वैद्य म्हणाला, बाई, मी मेलो हे कबूल, पण माझी म्हैस मी मेल्यावर दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय. मार्टा ऐकेना. तो उठून धार काढायला गेला. ती म्हणाली हे खोटं आहे, आणि आमच्याकडे सोंगाने सोंगाला खोटं म्हणायचं नसतं.

या सगळ्यात दुखावले होते ते हिंमतराव पाटील. शंभर एकरांचा धनी, भारदस्त मिशा, आवाज असा की मळ्यातून दिलेली हाक वेशीवर ऐकू येई. ते कित्येक वर्षं राजा व्हायचे. या वर्षी तात्यांनी राजा म्हणून विलेमला बसवलं. का, ते सांगितलं नाही. मला वाटतं, विलेमचं त्या दिवसांत काही ठीक चाललं नव्हतं हे त्यांनी पाहिलं असावं. गावाभोवती त्याने मारलेली बोअरं एकामागून एक कोरडी गेली होती. तो जेवत नाही, रात्री कंदील लावून बसतो, असं मार्टाच मथुराबाईंना सांगून गेली होती.

होळीच्या आदल्या दिवशी तात्यांनी सोंगं सांगितली तेव्हा पारावर यावरून बोलाचाली झाली. हिंमतराव म्हणाले, ही गावची सोंगं आहेत की साहेबाची सर्कस. पुष्कळांना ते पटलं. कुणी म्हणालं, ही दोघं आपल्याला आपलंच सोंग शिकवायला लागली. कुणी म्हणालं, त्यांना रंगपंचमीला जेवायला बोलवू, सोंग कशाला. कल्याणप्पा शेटे हे गावातले वयाने सगळ्यात थोर. सोंगाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी तात्यांना सरळ विचारलं, यांच्यामुळं सोंग मोडलं तर काय करशील.

तात्या उभे राहिले. बैठकीत ते सहसा उभे राहत नसत. म्हणाले, "त्यास्नी म्या आणलंय. त्यांच्यापायी सोंग मोडलं तर म्या पुन्ना कुणाला राख लावणार न्हाय."

हे त्यांनी मारुतीसमोर म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं. घोंगड्या विणून ते पोट भरत होते, पण गावात त्यांना जे काही होतं ते या राखेत होतं. ज्यांच्या वाड्यासमोर एरवी त्यांना पायातल्या वहाणा काढून जावं लागे, ते वर्षातून एकदा त्यांच्यासमोर डोकं खाली करून कपाळ पुढे करायचे. ते सगळं त्यांनी दोन परक्या माणसांच्या भरवशावर लावलं. मथुराबाईंनी घरी गेल्यावर काय म्हटलं हे मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी लुगडं मात्र त्यांनी धुऊन दिलं होतं.

हिंमतरावांनी त्या वर्षी दुसरं कुठलंही सोंग घेतलं नाही. तीन दिवस ते मळ्यातून आलेच नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी तात्यांच्या दारात येऊन उभे राहिले आणि राख लावा म्हणाले. कोणतं सोंग, असं तात्यांनी विचारायला हवं होतं. मधेच राख मागणाऱ्याला ते विचारायचा रिवाज आहे. त्यांनी विचारलं नाही. पुढे मी त्यांना कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, रुसलेलं माणूस दारात आल्तं, त्याला कामून आलास म्हणून कसं विचारू.

दुपारी चावडीवर राजाचा दरबार भरला. विलेम ओट्यावर घोंगडीवर बसला होता, टोप घालून. मला त्या वर्षी दिवाण बसवलं होतं, कारण मला ताठ उभं राहता येतं. बाकी काही येत नाही. मी राजाच्या उजव्या हाताला होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं. म्हातारी ओट्याच्या खाली कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. गाव सगळं जमलं होतं.

हिंमतराव आले ते तोंडाला पांढरी माती फासून, डोक्यावर दुरडी उलटी घालून, खांद्यावर मुसळ घेऊन. राजाने विचारलं, कोण तुम्ही. ते म्हणाले, मी बोअरवाला साहेब, राजाच्या राज्यात पाणी काढायला आलोय. राजा म्हणाला, काढा. हिंमतरावांनी मुसळ जमिनीवर टेकवलं आणि दोन्ही हातांनी फिरवत तोंडाने गाडीचा आवाज काढायला सुरुवात केली. मग थांबून चिमूटभर माती उचलली, हुंगली, जिभेला लावली आणि विलेमच्या बोलण्याच्या ढंगात म्हणाले, पाणी नाही, पण धूळ फार चांगली आहे. लोक हसले. विलेमही हसला, थोडा. ते चार पावलं पुढे गेले, पुन्हा मुसळ फिरवलं, पुन्हा धूळ. ही धूळ आधीच्या धुळीपेक्षा चांगली आहे. लोक एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. असं करत करत ते ओट्यावर चढले आणि म्हणाले, आता एकच जागा उरली, राजाच्या गादीखाली. आणि विलेमच्या दोन पायांच्या मध्ये मुसळ टेकवून फिरवू लागले.

सोंग म्हणून बघितलं तर ते उत्तम होतं. हिंमतरावांचं इतकं चांगलं सोंग त्याआधी कधी झालं नव्हतं. पण मी विलेमचा चेहरा बघत होतो. तो आधी लाल झाला, मग पांढरा पडला. तो उठला, त्याने टोप काढला आणि स्पष्ट मराठीत म्हणाला,

"हिंमतराव, बस. मी दोन वर्षं तुमच्यासाठीच काम करतोय."

हसणं एकदम थांबलं. मार्टाने मिशीवर हात ठेवला. काय झालं ते तिला कळलं होतं. कल्याणप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी काठी घेतली आणि उठायला लागले. विहिरीवर जायची वेळ झाली होती. गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, मोडलं. हिंमतराव मुसळ धरून तसेच उभे होते. त्यांनाही एवढं व्हावं असं वाटत होतं असं मला दिसलं नाही.

म्हातारी कोपऱ्यातून उठली. गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, जशी नेहमी उठायची तशी. 

"राजा," ती म्हणाली, "काय नाव घेतलंस? पुन्ना घे की."

विलेमला काही कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दिवाण होतो, मी मान हलवली. तो हळू आवाजात म्हणाला, हिंमतराव.

म्हातारी ओट्यावर चढली. हिंमतरावांच्या समोर जाऊन उभी राहिली. मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग पदराचं टोक घेऊन त्यांच्या एका गालावरची पांढरी माती पुसली.

"ह्यो तर माझा हिंमत," ती म्हणाली. "बोअरच्या गाडीवर बसून गेल्ता. किती साल झालं. तोंड निस्तं धुळीनं भरलंय, म्या आई असून मला वळखू आला न्हाय. राजानं वळखला."

आता हे समजून घ्यायला हवं. नाव उच्चारलं गेलं होतं. पण ते म्हातारीच्या हरवलेल्या लेकाचं नाव असेल, तर राजाने सोंग मोडलं नव्हतं, सोंगातल्याच एका माणसाला ओळखलं होतं. फक्त हिंमतरावांनी ते मान्य करायला हवं होतं. ते म्हणू शकत होते, मी तुझा लेक नाही. मग दुसरा नियम मोडला असता आणि सगळंच संपलं असतं. विलेम उघडा पडला असता, तात्यांचा शब्दही त्यांच्या गळ्यात पडला असता. हिंमतरावांना तीन दिवस हेच हवं होतं, असंही म्हणता येईल. शिवाय एक गोष्ट होती. एरवी तात्या त्यांना मालक म्हणायचे आणि तुमी म्हणायचे. आज सगळ्या गावासमोर म्हातारी त्यांना लेकरासारखं अरेतुरे करत होती आणि पदराने तोंड पुसत होती.

 हिंमतरावांनी मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं. डोक्यावरची दुरडी काढली.

"आये," ते म्हणाले, "पाणी लागंना गं."

त्यांचा आवाज त्या दिवशी वेशीपर्यंत गेला नसेल. पहिल्यांदाच.

"लई ठिकाणी बघितलं," ते म्हणाले. "पाणी लागंना म्हणून घरी आलो न्हाय. कोणत्या तोंडानं येऊ?"

म्हातारी म्हणाली, "येडा हायस का? पाणी लागू न लागू, भाकरी खायला घरी यावं माणसानं."

विलेम टोप हातात धरून उभा होता. त्याला प्रत्येक शब्द कळला की नाही ते सांगता येत नाही. पण कोण कुणाचं दुःख बोलतंय हे त्याला कळलं, एवढं नक्की. त्याचे डोळे हिंमतरावांवरून हलत नव्हते. ज्या माणसाने त्याची थट्टा केली, तोच आता त्याच्या जागी उभा राहून त्याच्याच मनातलं सांगत होता. आणि थट्टा करायला आलेल्या हिंमतरावांनाही ते बोलेपर्यंत हे माहीत नसावं.

म्हातारी विलेमकडे वळली आणि म्हणाली, राजा, तुझी आई कुठं असती? विलेम म्हणाला, लांब. म्हातारी म्हणाली, मग डोस्क्यावर घाल ते, ऊन लई हाय. त्याने टोप घातला आणि खाली बसला. मग म्हणाला, दिवाण, या म्हातारीला आणि तिच्या मुलाला जेवायला घाला. कल्याणप्पांनी काठी बाजूला ठेवली आणि पुन्हा भिंतीला टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. विहिरीवर राख धुवून झाली, सगळे पारावर जमले, गूळ वाटला गेला. कल्याणप्पांनी सांगितलं, सोंग मोडलं नाही, पाच दिवस पुरे झाले. सगळ्यांना बरं वाटलं. ज्यांनी आधी साहेबाची सर्कस म्हटलं होतं तेही विलेमच्या पाठीवर थापा मारत होते. बाहेरच्यांना सोंग द्यावं की नाही हा वाद तिथेच मिटला होता.

तेव्हा तात्या म्हणाले, "मोडलं व्हतं."

लोकांना वाटलं चेष्टा करतात. ते चेष्टा करत नव्हते. ते म्हणाले, राजा बोलला नव्हता, विलमसाहेब बोलला होता. तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. कल्याणप्पा म्हणाले, अरे पण तू ते सांधलंस की. तात्या म्हणाले, सांधलं. त्यांचं त्यापुढचं बोलणं मला शब्दाला शब्द आठवतं.

"घोंगडं फाटलं की म्या सांधून देतो, आप्पा. दिसत न्हाय कुणाला. पर देताना म्या गिऱ्हाइकाला सांगतो, हितं फाटलं व्हतं."

सगळ्यांनी समजावलं. सगळ्यात जास्त हिंमतरावांनी. ते तर चिडले. म्हणाले, माझ्यामुळे झालं, माझ्यावर घाला. तात्यांनी ऐकलं नाही. विलेमने हे ऐकलं आणि तोही पुढे आला, माझी चूक आहे, मी गाव सोडतो म्हणाला. तात्यांनी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं, तुमची चूक कसली, दुखलं म्हणून बोललात. शब्द माझा होता. मग त्यांनी राखेची करवंटी घेतली आणि हिंमतरावांच्या हातात दिली. पुढच्या वर्षापासून सोंगं तुमी बसवा, म्हणाले.

मला हा निर्णय त्या वेळी चुकीचा वाटला होता. हिशोबात एखादी चूक सापडली आणि ती दुरुस्त झाली, की ती नोंद पुन्हा वर काढत नाहीत. आता इतक्या वर्षांनी विचार करतो तेव्हा वाटतं, तो निर्णय चुकीचा असेलही, पण तो घेणारं दुसरं माणूस मला नोकरीत भेटलं नाही. गाव त्यांना दिलेल्या शब्दातून मोकळं करत होतं. त्यांचा मान वाढला होता, कमी झाला नव्हता. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. आणि ती राख दिली कुणाला, तर ज्याला पाहुणे नको होते त्यालाच. आता पाहुण्यांना सोंग द्यायचं की नाही हे ठरवण्याचं ओझं हिंमतरावांवर आलं, आणि ते त्यांनी नीट उचललं.

त्या वर्षी मे महिन्यात ओढ्याकाठच्या बोअरला पाणी लागलं. ते अजून चालू आहे. पण तो या गोष्टीचा भाग नाही, कारण ते लागलं नसतं तरी पुढचं असंच झालं असतं.

पुढच्या शिमग्याला हिंमतराव स्वतः शाळेमागे जाऊन दोघांना विचारून आले. मार्टा पुन्हा कोतवाल झाली, मात्र तिने मेलेल्याला उठून धार काढायची सवलत दिली. सकाळी वेळेवर जमायची विलेमची पद्धत हिंमतरावांनी ठेवली. बायकांना सोंग मिळावं हेही त्यांनी हळूहळू सुरू केलं, आणि पहिलं सोंग मथुराबाईंना दिलं. त्या सावकार झाल्या. आपल्या नवऱ्याकडून त्यांनी लुगड्याचं वीस वर्षांचं भाडं मागितलं. विलेमने आपणहून बोअरवाल्या साहेबाचं सोंग मागून घेतलं. पांढरी माती लावायची गरज नव्हती. त्याने मुसळ फिरवलं, धूळ हुंगली, आणि हिंमतराव त्याचा मदतनीस होऊन दुरडी धरून उभे राहिले. लोक आदल्या वर्षीपेक्षा जास्त हसले.

आणि तात्यांना हिंमतरावांनी राजा बसवलं. तात्या नाही म्हणाले, पण राख लावणाऱ्याचं ऐकावं लागतं, हा त्यांचाच पायंडा. त्यांनी टोप घातला, घोंगडीवर बसले.

राजाचं सोंग त्यांना जमलं नाही, हेही लिहायला हवं. कुणी वयस्कर माणूस दरबारात आलं की ते उठून उभे राहायचे आणि गादीवर जागा करून द्यायचे. कुणी फिर्याद सांगितली की आधी पाणी प्यायला द्यायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर हिंमतराव ओट्यापाशी आले आणि वैतागून म्हणाले, आये, राजा उठत नसतो गं. त्या चावडीच्या दिवसापासून ते तात्यांना आयेच म्हणायचे, सोंगातही आणि सोसायटीच्या बैठकीतही, आणि नव्या आलेल्या अधिकाऱ्याला ते समजावून सांगताना मला फार कष्ट पडत.

तात्यांनी टोप सावरला आणि विचारलं, "मग मला कशाला बसवलंस?"

"बसलेला बघायचा व्हतास म्हणून," हिंमतराव म्हणाले.